कृत्रिम पेशी अन् सेल-फ्री प्रोटीन
कृत्रिम पेशी म्हणजे स्वतः जिवंत नसलेली, पण जिवंत पेशीचं एखादं काम, बहुतेक वेळा प्रोटीन बनवायचं काम, करून देणारी रचना. आज इन्सुलिनसारखी औषधं बॅक्टेरिया किंवा यीस्ट वाढवून बनवतात, पण तो जीव बरीच ताकद स्वतः वाढण्यातच घालवते अन् त्याला सोसत नाही असं प्रोटीन बनवायला लावलं तर मरूनच जाते. म्हणून पेशी फोडून नुसता आतला रस घेतात, यालाच सेल-फ्री म्हणजे पेशीविना म्हणतात. रायबोसोम (प्रोटीन जोडणारं यंत्र), एन्झाइम सगळं त्यात असतेच, वरून डीएनए, अमिनो ॲसिड अन् एनर्जीसाठी एटीपी टाकलं की प्रोटीन बनायला लागते. घर पडलं तरी जातं शाबूत असलं की दळण होते, तसं.

कल्पना जुनीच आहे. १८९७ मध्ये जर्मनीत बुखनर यांनी यीस्ट रगडून काढलेल्या रसानं साखर आंबवून दाखवली. १९६१ मध्ये अमेरिकेत निरेनबर्ग अन् मथाई यांनी ई. कोलाय या बॅक्टेरियाच्या रसात आरएनएच्या चार अक्षरांपैकी फक्त यू असलेला आरएनए टाकला तर फिनाइलॲलनिन या एकाच अमिनो ॲसिडची साखळी निघाली, जेनेटिक कोड, म्हणजे कोणत्या अक्षरांवरून कोणतं अमिनो ॲसिड ते, उलगडायला सुरुवात झाली ती इथून. २००१ मध्ये जपानमधे रसाऐवजी एकेक शुद्ध भाग मिसळून हेच जमवलं, महाग पडते पण आत काय आहे ते पक्कं माहीत राहते.

सगळ्यात भारी काम मला २००४ चं वाटते. न्वारो अन् लिबशाबेर या संशोधकांनी हा रस फॅटच्या बारीक फुग्यात, म्हणजे लायपोसोममधे भरला. आतला माल काही तासात संपे, मग त्यांनी फुग्याला भोकं पाडणारं प्रोटीन आतच बनवून घेतलं, बाहेरून खाद्य आत यायला लागलं अन् काम चार दिवसांपर्यंत चाललं! तरी हा फुगा वाढून दोन होत नाही. २०१६ ची ४७३ जीन्सची पेशी बातम्यांत कृत्रिम पेशीतच धरतात, पण ती जिवंत बॅक्टेरियाच आहे, जीन्स कमी केलेली.

मेळघाट, भामरागडकडं लाइट गेली की लसीच्या फ्रिजचा घोर लागते, म्हणून आपल्यासाठी लस बनवायला वापरता येणारा, फ्रिजविना टिकणारा वाळवलेला रस महत्त्वाचा. २०१४ मध्ये तो कागदावर वाळवून रूम टेम्परेचरला वर्षभर टिकवला, पाणी टाकलं की चालू. चंद्रपूरचा मे त्याहून लय तापते, पण माल्टोडेक्स्ट्रिन घालून वाळवलेला रस ५० डिग्रीतही काही आठवडे टिकल्याचं पुढं दिसलं. यातून बनलेली लस टोचायच्या आधी शुद्ध करून तपासावी लागतेच, ते उपकेंद्रात होणार नाही, त्याला नागपूरसारखी लॅबच पाहिजे.