शिल्डनमध्ये डबे बनत नव्हते, वाघिणी बनत होत्या

"इंग्लंडमधल्या शिल्डन या छोट्या गावात दीडशे वर्षं रेल्वेचे डबे तयार होत." लेखांत, व्हिडिओंच्या निवेदनांत, सहलीच्या माहितीपत्रकांत हे वाक्य इतक्यांदा भेटलंय की आता ते दिसलं की आपोआप दात-ओठ खाल्ले जातात. गाव बरोबर, काळही साधारण बरोबर. चुकलाय एकच शब्द, पण नेमका तोच महत्त्वाचा. शिल्डनच्या कारखान्यात वाघिणी, म्हणजे माल नेणाऱ्या वॅगन, बनत. तो कारखाना चालवणाऱ्या नॉर्थ ईस्टर्न रेल्वे कंपनीला डबे हवे असले की ते काम यॉर्कच्या कारखान्याकडे जाई.

मराठी माणसानं हा घोळ घालावा याचा राग जास्त येतो. 'वॅगन' या शब्दाला आपल्या लोकांनी शेपूट लावून त्याची 'वाघीण' केली, इतका झकास शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत नसेल. लासलगावच्या कांद्याची बातमी आली की 'वाघिणी वेळेवर मिळाल्या नाहीत' असं आजही छापून येतं आणि कुणीही दचकत नाही. तरी हिंदी पाटीवरचा 'माल डिब्बा' उचलून कुणीतरी 'मालडबा' लिहितो आणि सगळा खेळ बिघडतो. (डब्याला 'बोगी' म्हणणाऱ्यांचा हिशेब वेगळा. बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट. 'बोगीत जागा मिळाली' म्हणणारा माणूस चाकांवर बसून प्रवास करत असणार.)

डबा काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. आयुष्यातले किती तास त्यात गेलेत ते तुमचं तुम्हाला ठाऊक. वाघिणीकडे येऊ.

डब्यात माणसं, वाघिणीत माल, एवढाच फरक बहुतेक जण सांगतात. तो चूक नाही, पण निर्णायकही नाही. २७ सप्टेंबर १८२५ रोजी स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेची पहिली गाडी शिल्डनहून इंजिनामागे निघाली, तेव्हा तिला माणसांसाठीचा खास डबा एकच होता. बाकीची शेकडो माणसं कोळशाच्या वाघिणींत बसून, काही तर कडेला लोंबकळून गेली. म्हणून काही त्या वाघिणींचे डबे झाले नाहीत. उलट ब्रिटिश रेल्वेच्या दप्तरात घोडे नेणारी पेटी डब्यांच्या वर्गात मोडत असे, कारण ती प्रवासी गाडीला जोडली जाई आणि त्या गाडीच्या वेगानं धावू शके. त्यामुळे आत कोण बसलंय हे बघून निवाडा होत नाही.

निवाडा होतो ब्रेकवर. सगळा गोंधळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१८८९ साली आयर्लंडमध्ये आर्मा इथे सहलीची एक गाडी चढावर अडली. पुढचा भाग वर नेऊन ठेवू, मग मागचा नेऊ, असा विचार करून ती मधोमध तोडली. मागचे डबे उतारावरून सुटले आणि पाठून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसं गेली, त्यांत मुलं बरीच. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा केला. प्रवासी गाडीच्या सगळ्या डब्यांना एकसलग ब्रेक हवा आणि गाडी तुटली तर तो आपोआप लागायला हवा. म्हणजे ड्रायव्हरनं एक दांडी फिरवली की शेवटच्या डब्यापर्यंतची चाकं आवळली गेली पाहिजेत.

हा कायदा प्रवासी गाड्यांपुरता होता, मालगाड्यांना तो लागू नव्हता. त्यामुळे ब्रिटनमध्ये विसाव्या शतकात बराच काळ बहुतेक वाघिणींना ड्रायव्हरच्या ताब्यातला ब्रेकच नव्हता. आपल्याकडच्या मालगाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक (तोही एकसलग ब्रेकच) पाहिलेल्या माणसाला हे खरं वाटत नाही, आणि तिथेच तो फसतो.

मग गाडी थांबायची कशी? एका बाजूला इंजिनाचा ब्रेक आणि शेवटी गार्डच्या ब्रेकव्हॅनचा, मधल्या पन्नास वाघिणी नुसत्या तीन कड्यांच्या सैल साखळ्यांनी एकमेकींना अडकवलेल्या. गाडी हलली की साखळ्या एकामागून एक ताणल्या जात आणि खणखणाट इंजिनापासून शेपटापर्यंत धावत जाई. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की बफर (वाघिणींच्या टोकांचे, धक्का झेलणारे दट्टे) आपटत आपटत तोच आवाज परत. साखळीला हिसका बसून ती तुटू नये म्हणून गार्डला मागे बसून हाताच्या चाकानं आपला ब्रेक कमी-जास्त करावा लागे. प्रत्येक चढ-उतार त्याला रात्रीच्या अंधारातही पाठ असायला हवा.

मोठा उतार आला की गाडी माथ्यावर उभी. प्रत्येक वाघिणीच्या कुशीला एक लांब लोखंडी दांडा असे. गार्ड किंवा इंजिनावरचा फायरमन रुळाच्या कडेनं चालत जाई, हातात दणकट काठी. काठी चाकाशेजारच्या पट्टीत अडकवायची, तिच्यावर अंग टाकून दांडा खाली दाबायचा, खिळा भोकात सरकवायचा आणि पुढच्या वाघिणीकडे. पावसात, चिखलात, कंदिलाच्या उजेडात. पुरेशा वाघिणींचे दांडे दाबले की गाडी घरंगळत, चाकं घासत उतरणार. खाली पुन्हा थांबायचं आणि तेवढेच दांडे सोडवत यायचं.

डबा हा एका गाडीचा अवयव होता. वाघीण म्हणजे चार चाकांवरची सुटी पेटी, आज या गाडीत, उद्या त्या गाडीत. म्हणूनच ती स्वस्त होती, म्हणूनच ती हजारोंनी बनवता येई, आणि म्हणूनच शिल्डनच्या कारखान्याला यॉर्कसारखं गाद्या-गिरद्यांचं आणि रंगरोगणाचं नाजूक काम करावं लागलं नाही. तिथे लाकूड, भट्टी, रिव्हेट आणि आकडे.

आता शिल्डनबद्दलचा दुसरा घोळ, तो किरकोळ आहे. हे गाव इंजिनांचं म्हणून मिरवतं, आणि काही काळ होतंही. रेल्वेचा इंजिनिअर टिमथी हॅकवर्थ तिथे बसून इंजिनं सांभाळत असे. १८२७ चं 'रॉयल जॉर्ज' आणि १८२९ चं 'सान्स पॅरेल' तिथलीच. पण १८६३ मध्ये डार्लिंग्टनला इंजिनांचा नवा कारखाना निघाला, स्टॉकटन-डार्लिंग्टन कंपनी नॉर्थ ईस्टर्न रेल्वेत विलीन झाली, आणि शिल्डनच्या वाट्याला पुढे वाघिणी आल्या. त्यानंतरची शंभरेक वर्षं ही त्या गावाची खरी कमाई.

ती कमाई टिकली त्याला इंग्लंडच्या या ईशान्य भागाची एक खोड कारणीभूत आहे. इंग्लंडच्या इतर भागांत कोळशाच्या वाघिणी बहुधा खाणमालकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या असत, कुशीवर मालकाचं नाव मोठ्या अक्षरांत. ब्रेकचा खर्च करायला ही मंडळी तयार नसत. नॉर्थ ईस्टर्ननं मात्र कोळशाच्या वाघिणी मुख्यतः स्वतःच्या ठेवल्या, त्यामुळे शिल्डनला घरचंच काम पुरे. शिवाय या भागात वाघिणीचा तळ उघडून कोळसा खाली सांडायची जुनी रीत होती. बाकीकडे कडेची दारं उघडून फावड्यानं उपसत. सुरुवातीच्या कोळशाच्या वाघिणीत सुमारे पावणेतीन टन माल मावे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्थ ईस्टर्नची लाकडी हॉपर (तळ उघडणारी) वाघीण २० टनांवर गेली, ब्रिटिश रेल्वेच्या काळात पोलादी हॉपर २१ टनांची. तळाची दारं मात्र तीच.

ब्रिटिश रेल्वेच्या १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेत वाघिणींना ब्रेक बसवायचं ठरलं, ते रखडत राहिलं. मग १९६० च्या दशकात आली वीजकेंद्रांसाठीची नवी हॉपर वाघीण, पुढे 'एचएए' या सांकेतिक नावानं ओळखली गेलेली. ३२ टनांहून थोडा जास्त कोळसा, एअर ब्रेक आणि तळाला आपोआप उघडणारी दारं. ड्रॅक्ससारख्या वीजकेंद्रात गाडी माणसाच्या चालीहूनही कमी वेगानं सरकत राही. रुळाशेजारची यंत्रणा प्रत्येक वाघिणीचा दांडा फिरवी, कोळसा धडधडत खाली, पुढच्या यंत्रणेशी दारं बंद, आणि गाडी न थांबता परत खाणीकडे. अशा अकरा हजारांच्या आसपास वाघिणी झाल्या, त्यांतल्या दहा हजारांहून जास्त शिल्डनच्या.

इथे वाघीण पहिल्यांदा डब्यासारखी वागायला लागली. कायमची एका गाडीत, एकसलग ब्रेकसह, सतत फिरती. आधी कोळसा भरलेल्या वाघिणी यार्डात दिवसचे दिवस उभ्या असत, जणू चाकांवरचं गोदाम. आता तेवढ्याच कोळशाला मूठभर वाघिणी पुरू लागल्या. १९४८ मध्ये ब्रिटिश रेल्वेकडे दहा लाखांहून जास्त वाघिणी होत्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो आकडा एक लाखाखाली उतरला. रस्त्यावरचे ट्रकही त्याला तितकेच जबाबदार. पण वाघिणींवर जगणाऱ्या गावानं बनवलेली सगळ्यात चांगली वाघीण वाघिणींचीच गरज कमी करणारी निघाली, हे मला विसरता येत नाही. १९८४ च्या जूनमध्ये शिल्डनचा कारखाना बंद झाला.

२००४ मध्ये तिथे रेल्वे संग्रहालय उघडलं. त्याचं नाव 'लोकोमोशन', १८२५ च्या त्या पहिल्या गाडीच्या इंजिनावरून. ते इंजिन न्यूकॅसलला बनलं होतं.