बंब तांब्याचा, रंग गंजाचा

मधोमध धुराची नळी, खाली निखाऱ्यांची जाळी, बाजूला पितळी तोटी. अंघोळीचं पाणी तापवणारा तांब्याचा बंब आता जुन्या बाजारात शोभेची वस्तू म्हणून विकला जातो. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत असे बंब ठोकून घडवले जात. जलरंगात तो काढायला बसलं की पहिली अडचण येते ती चकाकीची.

चिनी मातीच्या बरणीवरची चकाकी पांढरी असते, कारण वरची झिलई सगळे रंग जवळजवळ सारखेच परतवते. तिथे कागद कोरा सोडला की भागतं. तांब्याचं तसं नाही. त्याच्या अणूंतले आतल्या पातळीवरचे इलेक्ट्रॉन निळा-हिरवा प्रकाश गिळून वरच्या पातळीवर जातात; परततो तो मुख्यतः लाल-नारिंगी. चांदीत याच उडीला अतिनील किरणांची ऊर्जा लागते, म्हणून चांदी पांढरी. तेव्हा बंबाची चकाकीही तांबूसच हवी. आधी सगळीकडे फिकट नारिंगी वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, द्यावा, नाहीतर बंब स्टीलचा दिसतो.

मुख्य रंग बर्न्ट सिएना. ही लोहयुक्त पिवळी माती. भाजली की तिच्यातल्या लोहसंयुगातलं पाणी उडून लालसर आयर्न ऑक्साइड उरतं. म्हणजे तांबं रंगवायला लोखंडाच्या गंजाचा भाऊबंद! आणि तो उन्हात विटत नाही, हे विशेष.

पुढची गंमत वाळताना होते. ओल्या रंगाची कड कागदाला धरून बसते आणि तिथलं पाणी लवकर उडतं. ती तूट भरायला आतलं पाणी कडेकडे धावतं, सोबत रंगाचे कण नेतं, आणि काठावर गडद रेघ उमटते. सांडलेल्या कॉफीच्या डागाला कडा का येते, याचं हे स्पष्टीकरण शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 1997 मध्ये मांडलं. ठोक्यांच्या खळग्यांना अशी कड फुकटात मिळते. ती पुसायची घाई करू नये.

बुडाच्या काजळीसाठी ट्यूबमधला काळा मला निर्जीव वाटतो. सिएनात अल्ट्रामरीन निळा मिसळा. खरबरीत कागदाच्या खाचांत निळ्याचे कण गोळा होऊन बसतात, वर तपकिरी झाक राहते, आणि काळ्यातही धूर दिसतो. फक्त वॉश अर्धवट वाळलेला असताना त्यावर ओला ब्रश टेकवू नका: नवं पाणी कण ढकलत पसरतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग पडतो. तांब्यावर चढणाऱ्या हिरव्या कळकासाठी मात्र तो मुद्दाम पाडावा.