माजी विद्यार्थिनींची खबरबात : नावाच्या रकान्याची पार्श्वभूमी

धोंडो केशव कर्वे यांचे पुण्याजवळच्या हिंगण्याचे महिला विद्यापीठ (आजचे एस.एन.डी.टी.) 1916 साली अवघ्या पाच विद्यार्थिनींवर सुरू झाले. तिथल्या पदवीचे नाव 'गृहीतागमा', व्यवहारात जी.ए. या विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळायला 1951 उजाडले. तोवर ही पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलींना नोकरीसाठी मुलींच्या शाळांचाच मोठा आधार होता. संख्या थोडी आणि सगळ्या एकमेकींना ओळखत, त्यामुळे कोण कुठे आहे याची नोंद ठेवण्याची गरजच पडत नसे.

ती गरज पडली पुढे, गावोगावी महिला महाविद्यालये निघाली तेव्हा. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या वार्षिकांकांत शेवटची दोन-तीन पाने माजी विद्यार्थिनींसाठी असत. एक बँकेत लागली, दुसरी बी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली, तिसरी नवऱ्याच्या बदलीमुळे नागपूरला. मजकूर पोस्टकार्डांवरून जमवलेला. आणि इथेच घोटाळा सुरू होई, तो नावाचा.

आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनावच काय, पहिले नावही बदलायची रीत. ताटात तांदूळ पसरायचे आणि अंगठीने नवे नाव काढायचे. पुण्या-मुंबईच्या स्त्रीशिक्षणाचा इतिहासच अशा बदललेल्या नावांनी भरला आहे. 1886 मध्ये अमेरिकेतल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेली मुलगी माहेरची यमुना, लग्नानंतर आनंदी. पंडिता रमाबाईंनी काढलेल्या शारदासदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदू 1893 मध्ये पुनर्विवाहानंतर आनंदीच झाली. महाविद्यालयाच्या दाखल्यावर मात्र जुने नाव, वडिलांचे नाव, माहेरचे आडनाव. म्हणजे पोस्टकार्ड आले तरी ते कोणाचे, हे शोधायला निम्मी दुपार जाई.

मी पाहिलेल्या एका नोंदवहीत माहेरचे नाव निळ्या शाईत आणि त्याखाली सासरचे लाल शाईत होते. काही ठिकाणी नावाआधीचे 'सौ.' खोडून 'श्रीमती' केले होते. बाकी एक ओळही नाही. ती बाई कसल्या प्रसंगातून गेली हे तेवढ्या खाडाखोडीवरून समजून घ्यायचे.

छापताना काय लिहायचे यावर बरीच वर्षे एकमत नव्हते. 'पूर्वाश्रमीच्या कु.' हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांनी रूढ केला. हा शब्द संन्याशाचा. घरदार, नाव, नाते सोडून गेलेल्या माणसाचा मागचा आश्रम तो पूर्वाश्रम. लग्न केलेल्या मुलीने शिक्षण सोडलेले नसते, पदवी सोडलेली नसते, मग तो तिला कशाला चिकटवायचा? 'माहेरचे नाव' हा साधा शब्द त्याहून बरा, पण अविवाहित राहिलेलीला तो विचारणे अवघड. 'जन्मनाव' अलीकडे आले आणि माझ्या मते तेच योग्य.

यादी कोणत्या आडनावाने लावायची हा त्याहून मोठा वाद. सासरच्या नावाने लावली तर पत्ता पटकन सापडे. पण वर्गमैत्रिणीला मैत्रीण सापडत नसे, कारण तिच्या लेखी ते नाव कोणा परक्या बाईचे. अनेक ठिकाणी सासरचेच आडनाव ठरले, आणि घटस्फोटित, पुनर्विवाहित, परदेशी गेलेल्या बायका यादीतून हळूहळू निसटल्या. हा निर्णय चुकीचा होता. पत्ते बदलतात, वर्गातले नाव बदलत नाही.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद (नॅक) 1994 मध्ये आली. पुढे तिच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचाही समावेश झाला आणि महाविद्यालये जुने पत्ते शोधू लागली. नंतर व्हॉट्सअ‍ॅपचे गट झाले. तिथे मुली आपणहून वर्ष आणि जन्मनाव लिहितात, 'तुकडी ब, खिडकीजवळचा बाक' असेही लिहितात, आणि पाच मिनिटांत ओळख पटते. खरी खबरबात मात्र अजूनही बऱ्याचदा कार्यालयाच्या खिडकीवरच कळते. गुणपत्रिकेवर एक नाव, पासपोर्टवर दुसरे, म्हणून दाखला मागायला आलेली बाई सांगते की तिला परदेशात नोकरी लागली आहे.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा निर्णय राज्याने घेतला. त्या मुली महाविद्यालयात येतील तेव्हा दाखल्यावर बापाच्या आधी आई असेल.