समुद्र वाळू रोळतो

रत्नागिरीला दोन समुद्र आहेत, एक काळा आणि एक पांढरा. बाहेरगावच्या पाहुण्याला हे सांगितलं की तो आधी बुचकळ्यात पडतो. पाणी दोन्हीकडे अरबी समुद्राचंच, रंग आहे तो वाळूचा. मांडवीचा किनारा काळा आणि मिऱ्याच्या बाजूचा पांढरा. मध्ये रत्नदुर्गाचा डोंगर थेट समुद्रात घुसलाय आणि त्याच्या उत्तरेच्या अंगाला मिरकरवाडा बंदर आहे. मी या तिन्ही जागा नेहमी एकाच सकाळी बघतो, कारण तिन्हीकडे एकच काम चाललेलं असतं.

गणपती उरकल्यावरच्या संकष्टीला भाचीला घेऊन मांडवीला गेलो. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिच्या हातात दिलं आणि कोरड्या वाळूवरून फिरवायला सांगितलं. दोन मिनिटांत पिशवीच्या तळाला काळी, ताठ उभी राहिलेली दाढी फुटली. "मामा, वाळूला केस आले!" ते केस म्हणजे मॅग्नेटाइटचे, लोहाच्या ऑक्साइडचे कण. पिशवी उलटी करून चुंबक बाजूला घेतलं की सगळे कण आत गोळा होतात. त्यांच्या जोडीला या वाळूत इल्मेनाइट असतं, लोह आणि टायटॅनियम यांचं खनिज. साध्या चुंबकाला ते फारसं दाद देत नाही, त्याला जोरदार चुंबक लागतं.

हे कण आले कुठून? साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि सह्याद्रीचा काळा पाषाण तयार झाला. त्या पाषाणातच हे कण होते. कोकणच्या धुवांधार पावसाने आणि उष्म्याने खडक कुजला, त्याचा जांभा झाला, माती झाली. इल्मेनाइट मात्र सहजी कुजत नाही. काजळीसारख्या नद्या आणि डोंगरउतारावरचे वहाळ सगळा गाळ समुद्रात आणून ओततात. निवडायचं काम मग समुद्राचं.

आमच्या घरात ज्याने तांदूळ रोळताना बघितलंय त्याला हे लगेच कळेल. भांड्यात तांदूळ घ्यायचे, भरपूर पाणी घालायचं, भांडं हलकेच हिंदळत तांदूळ पाण्यासकट दुसऱ्या भांड्यात सोडायचे. तांदूळ पाण्याबरोबर जातात, खडे तळाला राहतात. लाटही तेच करते. वर चढताना ती जड-हलकं सगळं ओढून आणते. परतताना थोडं पाणी वाळूत मुरतं, जोर कमी होतो आणि हलके कण तेवढे मागे जातात. बारीक, जड कण मोठ्या कणांच्या फटींत दडून बसतात.

क्वार्ट्‌झची, म्हणजे साध्या वाळूतल्या गारेची, घनता 2.65, इल्मेनाइटची सुमारे 4.7, म्हणजे हवेत फरक पावणेदोन पटींचा. पण पाणी प्रत्येक वस्तूला वर उचलून धरतं. दोन्हींतून समुद्राच्या पाण्याची घनता, 1.03, वजा केली की उरतात 1.62 आणि 3.67. पाण्यात बुडताच फरक सव्वादोन पटींच्या वर जातो. रोळायला पाणीच का लागतं, त्याचं उत्तर या वजाबाकीत आहे.

पावसाळ्यात तर हे रोळणं दणक्यात चालतं. खवळलेल्या लाटा वरची हलकी वाळू खेचून आत नेतात आणि काळे पट्टे उघडे पडतात. पाऊस सरला की शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. पांढऱ्या समुद्राच्या वाळूखालीही काळे कण आहेतच. वरच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. चिमूटभर घेऊन लिंबू पिळा, बुडबुडे येतील. चुऱ्यातल्या चुनखडीतून आम्लामुळे कार्बन डायऑक्साइड सुटतो.

आणि ज्या काळ्या इल्मेनाइटबद्दल एवढं सांगितलं, त्याच्यापासूनच टायटॅनियम डायऑक्साइड बनतं, म्हणजे पांढऱ्या रंगातला पांढरेपणा. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर त्यासाठी वाळू काढतात. मला यापेक्षा मोठं नवल आजवर किनाऱ्यावर सापडलेलं नाही.

तिथून मिरकरवाड्याला गेलो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, नौका शाकारून ठेवतात. आता हंगाम सुरू होऊन महिना उलटला होता. धक्क्यावर बांगड्याचे क्रेट, बर्फाचा चुरा, लिलावाचा पुकारा. बर्फ इतका का ओततात? बांगडा, सुरमई यांच्यात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासळी तापली की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात आणि ते शिजवूनही जात नाही. बांगडा खाऊन अंगावर गांधी उठतात, त्या पुष्कळदा यामुळे.

माझं लक्ष मात्र बंदराच्या तोंडाकडे होतं. नौकांना निवारा हवा म्हणून लाटा अडवणारे बंधारे घालतात. आतलं पाणी संथ राहतं. पण पाणी शांत झालं की त्यातली वाळू आणि गाळ खाली बसणारच. लाट वाळू हिंदळत ठेवते, बंधारा ती स्वस्थ बसवतो. गाळ साचण्याची तक्रार इथे जुनी आहे. गाळ उपसावा लागतो, आणि एकदा उपसून भागत नाही. बंधाऱ्याचा आराखडा काढतानाच दरवर्षीच्या उपशाचा खर्च धरायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

आठ वाजले होते आणि तीन नौका तोंडाबाहेर नांगर टाकून उभ्या होत्या. भाचीला किनाऱ्यावरचं जुनं गणित शिकवलं: तिथीची पाऊणपट. चतुर्थी, म्हणजे चार पाऊण तीन. भरती सुमारे तीनला, ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, नऊच्या आसपास. प्रत्यक्षात भरती दर तिथीला 48 मिनिटं पुढे सरकते, गणित 45 धरतं. शिवाय गावोगावी थोडा फरक पडतो. तरी बोटांवर मोजायला ते पुरतं. संकष्टीला उधाणाचा जोर अजून ओसरलेला नसतो, त्यामुळे ओहोटीही खोल जाते. म्हणून नौका थांबलेल्या.

धक्क्यावर जाळं सांधत बसलेल्या तांडेलाला तिने विचारलं, "काका, त्या आत का येत नाहीत?"

"भरलेल्या आहेत गो, खाली टेकतील. पाणी चढू दे."

साडेदहाला पहिली नौका आत आली, तेव्हा भाचीच्या मुठीत ती काळ्या वाळूची पिशवी अजून होती.