वाचनकट्टा (सोलापूर)

वाचनकट्टा : सध्या आपण काय वाचतो आहोत, हे पुस्तकप्रेमींनी एकमेकांना तोंडी सांगण्याची अनौपचारिक रीत. व्याख्यान, परीक्षण आणि अभिवाचन यांहून ती वेगळी. व्याख्याता विषयाची तयारी करून येतो, परीक्षकाने पुस्तक पुरे वाचलेले असावे लागते. कट्ट्यावर मात्र अर्ध्यात सोडून दिलेले पुस्तकही चालते. ते का सोडले, यावरच गप्पा जास्त रंगतात.

बैठकीला अध्यक्ष नसतो, हारतुरे नसतात. जमल्यास पुस्तक सोबत आणावे, आपले सांगून झाले की दुसऱ्याचे ऐकावे, एवढीच अपेक्षा. रहस्यकथेचा शेवट फोडू नये हा अलिखित नियम असतो आणि तो मोडणारे कोणीतरी प्रत्येक कट्ट्यावर असतेच. ऐकणारे मिळेल त्या कागदावर नाव टिपून घेतात. तिथल्या तिथे पुस्तक मागून नेणारेही असतात. ते परत कधी येईल हा वेगळा विषय.

सोलापुरात या रिवाजाला भाषेमुळे निराळे वळण मिळते. शहरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू सर्रास बोलल्या जातात. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकर कुटुंबांची घरची भाषा तेलुगू; अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नडचा वावर मोठा. मराठी शाळेत शिकलेल्या अनेकांना घरची भाषा बोलता येते, तिची लिपी मात्र वाचता येत नाही. अशा मंडळींत कन्नड किंवा तेलुगू कादंबरी वाचणारा एखादा असला, की तो ती मराठीतून सांगतो, अडेल तिथे मूळ शब्द तसाच ठेवतो आणि समोरच्याला तो बहुतेक वेळा कळतोही. छापील अनुवाद निघण्याआधीच पुस्तक अशा रीतीने मराठी वाचकापर्यंत येते. पुष्कळ पुस्तकांचा अनुवाद तर कधीच निघत नाही, त्यांना हीच एक वाट. ऐकून भाषांतर करणे कमअस्सल मानण्याचे कारण नाही : विरूपाक्ष कुलकर्णी यांनी कन्नड पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करायची आणि उमा कुलकर्णी यांनी ती ऐकत मराठीत उतरवायची, या पद्धतीने पुण्यात मराठीतले काही महत्त्वाचे अनुवाद झाले आहेत.

सांगण्याची परंपरा शहरात जुनीच. शाहीर आणि कीर्तनकार राम जोशी मूळचे सोलापूरचे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे 1941 मध्ये भरले, पुन्हा 2006 मध्ये. 2006 चे अध्यक्ष मारुती चितमपल्ली यांचा जन्म सोलापुरातलाच (1932). वनखात्यातील नोकरीत रानात राहणाऱ्या माणसांकडून ऐकलेले पुष्कळ त्यांच्या लेखनात आले आहे. 2025 मध्ये सोलापुरातच त्यांचे निधन झाले.

कट्ट्याला पुस्तके पुरवण्याचे काम मुख्यतः सार्वजनिक वाचनालयांचे. हिराचंद नेमचंद वाचनालय हे शहरातले जुने आणि सर्वपरिचित. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, 1967 नुसार शासनमान्य ग्रंथालयांना अनुदान मिळते आणि त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते. किती पुस्तके आहेत, सभासद किती, याला त्यात महत्त्व. देवघेवीच्या टेबलाशी उभ्या उभ्या होणाऱ्या गप्पांना अर्थातच कुठले रजिस्टर नाही. प्रत्यक्षात पुष्कळ कट्टे तिथेच सुरू होतात, कारण पुस्तक परत करायला आलेल्याला ‘कसं आहे हो?’ असे विचारायला ओळख लागत नाही.

15 ऑक्टोबर हा ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस राज्यात 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळा-महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायला लावतात. त्यांतली बरीच भाषणे पाठ केलेली असतात; आवडले नाही असे म्हणण्याची मुभा तिथे क्वचितच मिळते, आणि कट्टा नेमका त्या मुभेवर चालतो.