फ्लायसाठी चांगलं पीस: स्वयंपाकघरापासून फार्मपर्यंत

फ्लाय म्हणजे गळावर दोरा, लोकर आणि पिसं गुंडाळून केलेली नकली माशी. ट्राउट आणि सामन हे मासे पकडायला ती वापरतात. ती बांधायला शिकणाऱ्याचं घोडं गळावर किंवा दोऱ्यावर अडत नाही, पिसांवर अडतं. चौकशी केली की मोजक्या फार्मांची नावं पुढे येतात, कोंबड्याच्या एका मानेची किंमत ऐकून माणूस गप्प होतो, आणि कुणीतरी जुनाजाणता सांगतो की पूर्वी हे सगळं सहज मिळायचं. ते अर्धंच खरं आहे. पूर्वी फ्लायची पिसं दुसऱ्याच कुठल्या तरी कामातून उरलेली असायची: स्वयंपाकघर, शिकार, बायकांच्या टोप्या. ते काम चालू आहे तोवर पिसं मिळायची, त्याची तऱ्हा बदलली की टंचाई. एक स्पॅनिश अपवाद सोडला, तर निव्वळ फ्लायसाठी कोंबडा पाळायची कल्पना तशी अलीकडचीच.

फ्लायचं सर्वांत जुनं परिचित वर्णन इसवी सन २०० च्या आसपासचं आहे. रोमन लेखक ईलियन सांगतो की मॅसिडोनियातल्या एका नदीवरचे कोळी गळाभोवती लाल लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गळ्याखाली येणारी, मेणाच्या रंगाची दोन पिसं त्यावर बांधतात. म्हणजे पिसासाठी अंगणातल्या कोंबड्यापलीकडे जायची गरज नव्हती. १४९६ मध्ये विंकिन द वर्ड याने इंग्लंडमध्ये छापलेल्या गळाच्या मासेमारीवरच्या प्रबंधात बारा फ्लाय दिल्या आहेत. त्यांतली पिसं पाहिली की त्या काळातली कोठी आणि शिकारखाना डोळ्यांपुढे येतो: तित्तिराचे पंख, नर बदकाची पिसं, खच्ची केलेल्या लाल कोंबड्याच्या मानेची पिसं, मोराच्या पिसाऱ्याचे हिरवे तंतू. या सामानाला वेगळं गिऱ्हाईक नव्हतं आणि वेगळा भावही नव्हता.

अपवाद म्हणालो तो स्पेनच्या उत्तरेकडच्या लेओन प्रांताचा. आस्तोर्गा इथलं १६२४ सालचं हुआन दे बेर्गाराचं हस्तलिखित प्रसिद्ध आहे. कोणत्या महिन्यात कोणती फ्लाय चालते आणि तिला कोणतं पीस हवं, हे त्यात नोंदलेलं आहे. तिथल्या कोंबड्यांच्या दोन जाती त्या परिसरात आजही पाळल्या जातात. ‘इंदिओ’ची पिसं एकरंगी, करड्या छटांची, काचेसारखी चकाकणारी. ‘पार्दो’ची तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची. पिसं जिवंत कोंबड्याच्या पाठीवरून उपटतात, ती पुन्हा येऊ देतात आणि वर्षातून अनेकदा हे करतात. कोंबड्याला हे सुखाचं नसणार, पण त्याची मान मात्र शाबूत राहते. हे कोंबडे त्या परिसराबाहेर नेले की पिसांची झळाळी जाते, असं तिथले लोक मानतात. आता अमेरिकेतही लेओनच्या वाणाचे कोंबडे वाढवले जातात आणि त्यांची पिसं चांगली खपतात, तरी ही समजूत काही गेलेली नाही.

बाकी युरोपात एकोणिसाव्या शतकात पिसांचं प्रकरण हाताबाहेर गेलं, तेही सामनमुळे. सामन समुद्रातून नदीत अंडी घालायला चढतो तेव्हा तो जवळजवळ काहीच खात नाही. त्यामुळे त्याच्यासाठीची फ्लाय कोणत्याही खऱ्या किड्यासारखी दिसायची गरज नव्हती आणि बांधणाऱ्यांना मोकळं रान मिळालं. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये फ्लाय रंगीबेरंगी, मग भडक आणि शेवटी दागिन्यासारख्या झाल्या. ‘जॉक स्कॉट’ ही त्या काळातली नावाजलेली फ्लाय. तिच्या कृतीत गोल्डन फेझंटचा तुरा, टूकनच्या छातीची पिवळी पिसं, दक्षिण अमेरिकेतल्या फ्रूटक्रोची नारिंगी पिसं, निळा कोटिंगा, मोर, बस्टर्ड आणि रंगवलेला राजहंस एवढे पक्षी येतात. शिवाय दोन्ही गालांवर भारतीय द्वीपकल्पातल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं पीस लागतं. या पिसावर मेणाच्या थेंबासारखा कडक, पिवळट-पांढरा ठिपका असतो आणि पाण्यात तो माशाच्या डोळ्यासारखा दिसतो. जॉर्ज केल्सन यांच्या सामन-फ्लायवरच्या १८९५ च्या पुस्तकात अशा कृतींची रेलचेल आहे, आणि अमुक पक्ष्याऐवजी तमुक चालणार नाही असा एकंदर सूर आहे. माझ्या मते सामनला यातलं काही कळत नव्हतं. कळत होतं ते शेजारच्या गळवाल्याला.

पण ब्राझील किंवा न्यू गिनीतला पक्षी इंग्लंडमधल्या फ्लायवाल्यापर्यंत पोचत होता कसा? टोप्यांमुळे. लंडन ही जगातल्या पिसांची मोठी बाजारपेठ होती. बायकांच्या टोप्यांसाठी बगळे, नंदनपक्षी, खंड्या यांच्या पिसांचे आणि कातड्यांचे तिथे लिलाव व्हायचे. फ्लायवाल्यांना लागायची चिमूटभर पिसं. एवढ्याशा मागणीवर जहाजं भरून आली नसती, पण टोप्यांसाठी येणाऱ्या मालातून त्यांचं सहज भागत होतं. त्या मालाची किंमत मात्र भयंकर होती. बगळ्यांचा तुरा विणीच्या हंगामात येतो, म्हणून ते घरट्यांवरच मारले जात आणि पिल्लं उपाशी मरत. याविरुद्ध १८८९ मध्ये मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन यांनी बायकांची एक संस्था काढली. पुढे तिचीच रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स झाली. १९०२ मध्ये ब्रिटिश भारतातून रानपक्ष्यांची पिसं निर्यात करायला बंदी आली. अमेरिकेने १९१३ च्या जकात कायद्यात रानपक्ष्यांच्या पिसांची आयात रोखली आणि १९१८ च्या स्थलांतरी पक्षी कायद्याने देशातल्या पक्ष्यांनाही संरक्षण दिलं. ब्रिटनचा आयातबंदीचा कायदा १९२१ चा. तोवर टोप्यांची फॅशनही ओसरू लागली होती.

फ्लायवाल्यांची दखल कायद्यांनी अधूनमधून घेतली. अमेरिकेच्या जकात नियमांमध्ये पुढे एक चमत्कारिक कलम आलं: मासेमारीच्या फ्लायसाठी वर्षाला राखी रानकोंबड्याची ५,००० आणि मँडरिन बदकाची १,००० कातडी, त्याहून जास्त नाहीत. आज रानकोंबड्याची जी पिसं युरोपात कायदेशीर विकली जातात, ती बंदिस्त वाढवलेल्या पक्ष्यांची असतात. बाकीच्या पिसांसाठी रंगवलेली टर्की, फेझंट आणि बदक हे पर्याय रुळले आणि सामन त्यांनाही पूर्वीसारखाच लागत राहिला.

जुन्या कृती जशाच्या तशा बांधायचा हट्ट मात्र गेला नाही. अशा फ्लाय पाण्यात टाकत नाहीत, चौकटीत लावतात. या नादाचं टोक २००९ च्या जूनमध्ये दिसलं. लंडनमध्ये बासरी शिकणारा आणि स्वतः उत्तम फ्लाय बांधणारा एक अमेरिकन तरुण रात्री ट्रिंग इथल्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये खिडकी फोडून शिरला आणि २९९ पक्ष्यांची कातडी घेऊन गेला. त्यांत कोटिंगा, फ्रूटक्रो, क्वेट्झल, नंदनपक्षी होते, आणि निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी एकोणिसाव्या शतकात गोळा केलेले नमुनेही होते. त्यातली बरीच पिसं त्याने फ्लाय बांधणाऱ्यांना विकली. जी कातडी परत मिळाली त्यातल्या अनेकांची लेबलं काढून टाकलेली होती. पक्षी कुठे आणि कधी मिळाला याची नोंद गेली की संशोधकाला त्या कातड्याचा फारसा उपयोग उरत नाही.

खऱ्या मासेमारीत पिसांची नड वेगळीकडेच होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या संथ, नितळ नद्यांवर ड्राय फ्लाय रुजली. ही माशी पाण्यावर तरंगली पाहिजे, आणि तिला तरंगवतं ते हॅकल, म्हणजे कोंबड्याच्या मानेचं किंवा पाठीचं ताठ पीस. पिसाच्या बुडाचे मऊ तंतू काढून टाकायचे, उघडी दांडी गळावर बांधायची आणि पीस चार-पाच वेढे देऊन गुंडाळायचं. तंतू चहूबाजूंनी ताठ उभे राहतात आणि त्यांच्या टोकांवर माशी पाण्याच्या पृष्ठभागावर टेकते. त्यांची लांबी गळाच्या तोंडाच्या साधारण दीडपट हवी. पीस वाकवून गळाशी धरलं की हे लगेच कळतं. उजेडात धरलं की दांडीलगतचा गर्द, मऊ पट्टा दिसतो. तो पट्टा पाणी पितो, म्हणून जितका अरुंद तितकं पीस चांगलं. कोंबडीचं पीस इथे निरुपयोगी, पण बुडणाऱ्या फ्लायला तेच उत्तम. ड्राय फ्लायला लागतो पुरा वाढलेला नर. त्यात फिकट निळसर राखी रंगाचा, म्हणजे ‘डन’ छटेचा कोंबडा फारच दुर्मिळ. अमेरिकेतल्या कॅट्सकिल डोंगरांतले थिओडोर गॉर्डन यांना १८९० मध्ये इंग्लंडमधून ड्राय फ्लायचे पुरस्कर्ते हॅलफर्ड यांनी नमुन्याच्या फ्लाय पाठवल्या. तेव्हापासून तिकडेही या रंगाच्या पिसांचा शोध सुरू झाला आणि तो कित्येक वर्षं संपला नाही.

मग कुक्कुटपालनाचा कारखाना झाला. मांसाची कोंबडी सहा-सात आठवड्यांतच कापली जाऊ लागली, आणि एवढ्यात नराला हॅकल येतच नाही. अंड्यांच्या धंद्यात तर नर जन्मतःच नकोसा. जगात कोंबड्या अमाप वाढत होत्या आणि फ्लायला लायक कोंबडा मिळेनासा झाला होता. बराच काळ भारत आणि चीनमधून आलेल्या माना, म्हणजे ‘केप’, यांवर काम भागत होतं. त्या स्वस्त होत्या, पण पिसं आखूड, एकेका फ्लायला दोन-दोन लागायची.

यावर उपाय काढला तो काही हौशी माणसांनी. कॅट्सकिलमधले हॅरी डार्बी स्वतः फ्लाय बांधून विकायचे आणि डन रंगासाठी घरीच कोंबडे पैदा करायचे. त्यांच्याकडची अंडी १९५४ मध्ये मिनेसोटातले वकील अँडी मायनर यांनी नेली आणि वर्षानुवर्षं निवड करत वाण सुधारला. मायनर यांच्या वाणातून पेनसिल्व्हेनियात १९७० च्या दशकात बक मेट्झ यांनी व्यापारी फार्म उभं केलं. ओरेगनमध्ये हेन्री हॉफमन यांनी ग्रिझली, म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पिसांवर भर दिला. त्यांची खरी कमाल ‘सॅडल’मध्ये, म्हणजे पाठीच्या मागच्या भागावरच्या पिसांत आहे: लांबच लांब, बुडापासून टोकापर्यंत तंतूंची लांबी जवळजवळ सारखी. अशा एका पिसात अनेक फ्लाय होतात. १९८९ मध्ये हा वाण कोलोरॅडोतल्या टॉम व्हायटिंग यांच्याकडे गेला. व्हायटिंग यांची डॉक्टरेट कुक्कुट-आनुवंशिकीतली. त्यांच्या फार्मवर कोंबडा जवळपास वर्षभर पोसला जातो आणि मग कापला जातो तो केवळ कातड्यासाठी. या वाणात मांसाकडे कुणी पाहिलेलंच नाही. किमतीचं कोडं इथेच सुटतं: वर्षभराचं खाद्य, जागा आणि राबणूक त्या एका मानेतून आणि एका सॅडलमधून वसूल करायची असते.

२०११ मध्ये फॅशन परत आली, या खेपेला केसांत. ‘अमेरिकन आयडॉल’चे परीक्षक स्टीव्हन टायलर केसांत पिसं माळून टीव्हीवर दिसले आणि ग्रिझली सॅडल केशभूषेच्या दुकानांकडे वळली. भाव कित्येक पटींनी चढले आणि मासेमारीच्या दुकानांतली कपाटं रिकामी झाली. उत्पादन वाढवायचं म्हटलं तरी कोंबडा वर्षाच्या आत तयार होत नाही. फॅशन लवकरच ओसरली आणि पुरवठा हळूहळू पूर्ववत झाला.

महागड्या सॅडलशिवाय अडतंच असं मात्र नाही. फ्रँक सॉयर यांनी इंग्लंडमधल्या एव्हन नदीवर फेझंटच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची तार एवढ्यावर जी निंफ, म्हणजे पाण्याखालच्या किड्यासारखी बुडणारी फ्लाय, बांधली, ती आजही जगभर मासे पकडते, आणि त्या शेपट्या शिकारीतूनच येतात. बदकाच्या तेलग्रंथीभोवतीची मऊ पिसं १९२० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या ज्यूरा भागात फ्लायला लागली. ती तेलकट आणि हवा धरून ठेवणारी असल्यामुळे हॅकलशिवाय तरंगतात, आणि ती येतात खाटकाकडून. रानात पडलेलं पीस उचलताना मात्र कायदा पाहावा. अमेरिकेत संरक्षित स्थलांतरी पक्ष्याचं गळून पडलेलं पीस जवळ बाळगणंही गुन्हा आहे. शिकारीत कायदेशीर मारलेल्या बदकांची आणि हंसांची पिसं फ्लायसाठी, उशांसाठी, गाद्यांसाठी विकता येतात. टोप्यांसाठी नाही.