तेजोमेघाच्या रंगांची जुनी नोंदवही

जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, रोझेट हा गुलाबासारखा दिसणारा तेजोमेघ, म्हणजे अवकाशातला वायू-धुळीचा ढग, रात्री अकरा-साडेअकराच्या सुमारास सोलापुरात जवळजवळ डोक्यावर असतो. होम मैदानाच्या झगमगाटात तो डोळ्यांना दिसणं शक्यच नाही. तरीही शहरातल्या गच्चीवरून नॅरोबँड फिल्टर (प्रकाशाची अगदी अरुंद पट्टीच आत सोडणारी काच) लावून त्याचा सुरेख फोटो निघतो. हे कसं जमतं, याचं उत्तर कॅमेऱ्याच्या नव्हे, वर्णपटाच्या, म्हणजे प्रकाश फोडून मिळणाऱ्या रंगपट्ट्याच्या, इतिहासात आहे.

29 ऑगस्ट 1864 रोजी विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. ताऱ्यांच्या प्रकाशात दिसतो तसा सलग रंगपट्टा त्यात नव्हता. होत्या त्या मोजक्या तेजस्वी रेषा, आणि त्यातली ठळक रेषा हिरवी. म्हणजे हा ताऱ्यांचा पुंजका नसून चमकणारा वायू होता. ती रेषा कुठल्याच माहीत मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचं नवं मूलद्रव्य कल्पिलं गेलं. 1927 मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडा केला: दोन इलेक्ट्रॉन गमावलेला हा साधा ऑक्सिजनच. तेजोमेघातला वायू इतका विरळ असतो की उत्तेजित अणूला धक्का द्यायला बराच वेळ दुसरा कण भेटतच नाही. त्यामुळे प्रयोगशाळेत सहसा न दिसणारी रेषा तिथे उजळून निघते. आजचा ओ-थ्री (दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनचा) फिल्टर याच 500.7 नॅनोमीटरच्या रेषेसाठी असतो.

या इतिहासाचा एक धागा आपल्या शेजारून जातो. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास सूर्यग्रहण विजापूर-जमखंडीच्या पट्ट्यातून गेलं. जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक घेऊन बसले होते. शेकडो तेजोमेघ शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे हे नातू. सूर्याच्या ज्वाळांमध्ये त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या. त्या ज्वाळांची तांबडी रेषा हायड्रोजनची, 656.3 नॅनोमीटरची. रोझेटचा गुलाब याच रेषेत खुलतो. त्याच वर्षी त्यांनी बंगळूरहून दक्षिणेकडच्या तेजोमेघांचे वर्णपटही तपासले. सोलापूर परिसरातल्या हौशी निरीक्षकांनी ही नोंद अभिमानाने सांगायला हवी.

फोटोत या रेषांना रंग देण्याचा आजचा संकेत मात्र 1995 चा. जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी हबल दुर्बिणीतून गरुड तेजोमेघातले वायूचे स्तंभ टिपले. गंधकाची आणि हायड्रोजनची रेषा, दोन्ही तांबड्याच. आहेत तशा दाखवल्या तर एकमेकींत मिसळतात. म्हणून गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला. अशा रंगांना खोटे म्हणणं मला पटत नाही. कुठे कोणता वायू आहे, हे ते प्रामाणिकपणे सांगतात.

तीन ते सात नॅनोमीटरची फट सोडून बाकी सगळा प्रकाश हे फिल्टर अडवतात. सोडियम दिव्यांचा पिवळा प्रकाश 589 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणून तो बाहेरच राहतो. एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असल्याने त्यातला थोडा आत येतोच, आणि मग एक्स्पोजरचे तास वाढवावे लागतात. गरुड तेजोमेघ टिपायचा असेल तर पावसाळी ढग येण्याआधी, एप्रिलच्या पहाटेच गाठावा. तेव्हा तो दक्षिणेला चांगला उंच असतो.